तान न्हाई, सायेब

चांगुणाबाईचा नवरा शिवाजी गेला, तेव्हा तिला काही झालं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं तिच्या आजाराचं कळलं तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी हीच शंका काढली. नवरा गेला, पुण्यानुमोदन झालं, आणि आठव्या दिवशी बाई मिरचीच्या शेडनेटमध्ये कळ्यांपुढं बसलेली. लई टणक बाई, असं लोक म्हणायचे. कुणी कौतुकानं म्हणायचं, कुणी कुजकटपणानं. तिला दोन्ही सारखंच.

भोकरदनच्या अलीकडं एक फाटा आहे, तिथून आत दोन किलोमीटरवर तिचं गाव. शेडनेट रामरावांचं. पण रामराव नुसते सातबाऱ्यावर, कारभार सगळा त्यांच्या बायकोचा, उषाबाईचा. बियाण्याचा प्लॉट होता. हे काम ज्यानं केलं नाही त्याला त्याची किंमत कळायची नाही. कळी उमलायच्या आधी बारीक चिमट्यानं तिच्यातला नर काढायचा, दुसऱ्या जातीच्या फुलाची भुकटी तिला लावायची, खुणेचा दोरा बांधायचा, आणि पुढची कळी धरायची. दिवसभर हेच. चिमटा जरा जोरात लागला की कळी गळालीच म्हणून समजा. पोरीबाळींचा हात थरथरतो, पण चांगुणाबाईचा कधी थरथरला नाही. तिच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर कडबा कुट्टीच्या यंत्रात गेलेलं होतं, तरी चार बोटांत ती पाच बोटांचं काम ओढायची.

आणि तिच्या समोरच्या सरीत बसायची खुद्द मालकीण. उषाबाईला घरात करमतच नसे. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या होत्या, एक पाटलांच्या आळीत, एक भीमनगरात. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. शेडनेटच्या आत त्या एकमेकींना ‘उषे’, ‘चांगुणे’ म्हणायच्या, आणि जाळीचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चांगुणाबाईच्या तोंडी आपोआप ‘उषाबाई’ यायचं. आत थर्मासमधला चहा दोन स्टीलच्या पेल्यांत ओतला जायचा आणि कोणता पेला कुणाचा, हे दोघींनी कधी पाहिलं नाही. घरी ओसरीवर मात्र चांगुणाबाईचा कप वेगळा, कोनाड्यातला. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. बोलायला पाहिजे होतं की नव्हतं, कोण जाणे. बाकी जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्या बोलल्या. सुना, गुडघे, टीव्हीवरल्या मालिका, कोणाची म्हैस आटली, सगळं.

मागच्या वर्षापासून उषाबाईला दिसेना झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कळ्या तुटायला लागल्या. चांगुणाबाई आपली सरी उरकून गुपचूप तिचीही करायची, म्हणजे मुकादमाच्या ध्यानात यायला नको. पण असं किती दिवस चालणार? शेवटी तिनंच मालकिणीला दम भरला.

“जा की संभाजीनगरला तुझ्या पोराकडं, कल्याणकडं. डोळा करून ये. सारी दुनिया करून राह्यली.”

“मला भेव वाटतंय चांगुणे. डोळ्यात सुई घालतेत म्हने.”

“घालू दे की. मरत न्हाईस एवढ्यानं.”

हे ती बोलली. हे शब्द तिचेच होते, आणि पुढं दवाखान्यात पडल्या पडल्या त्यातला एकेक शब्द तिला आठवत राहिला.

उषाबाई लेकाकडं गेली आणि त्याच आठवड्यात चांगुणाबाई धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला आष्टीला गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. नातीला तेल-पाणी करून, पंधरा दिवसांनी तिनं परतीची एसटी धरली. जालन्याला गाडी बदलली, आणि दुपारी चारच्या सुमाराला फाट्यावर उतरली. हातात पिशवी, पिशवीत उषाबाईसाठी डिंकाचे दोन लाडू. बाळंतिणीच्या लाडवांतले दोन काढून ठेवलेले, लेकीला न सांगता.

फाट्यावर सोमेश्वरची चहाची टपरी आहे, आणि टपरीच्या वर फ्लेक्स लावायचा सांगाडा. त्या सांगाड्यावर कायम कुणीतरी असतंच. आज याचा वाढदिवस, उद्या त्याची निवड. चांगुणाबाईला वाचता येत नाही. अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसतात, पण माणसं ओळखू येतात. तिनं सहज वर पाहिलं, तर वर उषाबाई. एवढी मोठी. हसणारी. भोवती झेंडूची चित्रं, खाली कसकसली नावं.

अन् चांगुणाबाई हसायला लागली.

डोळा काय आला, लगेच फ्लेक्सवर चढली का ही, असं तिच्या मनात आलं. पोरानं वाढदिवस केला वाटतं आईचा. त्या भाबड्या बाईला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही, आणि हिचा वाढदिवस. फोटोही तिच्या ओळखीचा निघाला. मागच्या हंगामात तिच्याच पोरानं, संघपालनं, शेडनेटमध्ये मोबाइलवर काढला होता. दोघींचा होता तो. कापून एकटीचा केला होता, पण कापणाऱ्याला धड कापता आलं नव्हतं. उषाबाईच्या खांद्यावर एक हात तसाच राहिला होता. करंगळीचं वरचं पेर नसलेला.

मग तर तिला हसू आवरेना. पिशवी खाली ठेवून ती टपरीवरच्या लोकांना म्हणाली, “बघा, बघा. आमची उषी कशी वर चढून बसली. अन् माझा हात घेऊन गेली बरुबर.” भर रस्त्यावर, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, तिच्या तोंडून ‘उषी’ निघालं. तिच्या ध्यानातही आलं नाही. बाकड्यावरचे दोघंतिघं तिच्याकडं पाहतच राहिले. “सोमेश्वर, वाच रे बाबा, काय लिव्हलंय. वाढदिवस हाय का?”

सोमेश्वरच्या हातात चहाचं फडकं होतं. तो फडक्याकडंच पाहत म्हणाला, “मावशी, वाढदिवस न्हाई. उद्या दहावा हाय त्यांचा. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई व्हय?”

उषाबाई संभाजीनगरला, डोळ्याला पट्टी असताना, न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. डोक्याला मार लागला. दुसऱ्या दिवशी गेली. अंत्यविधीही तिकडंच उरकला. कल्याणनं भावकीत कळवलं, सोयऱ्यांत कळवलं. चांगुणाबाई कुठल्याच यादीत बसत नव्हती. तिची सून संध्या हिला गावातून कळलं होतं, पण फोनवर कसं सांगायचं, आत्या घरी आल्या की जवळ बसवून सांगू, असा तिनं विचार केला होता. पोरीचा विचार चुकीचा नव्हता. फक्त मध्ये फाटा लागतो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

चांगुणाबाईच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं. ते उतरवायचं कसं, हे तिला कळेना. घसा एकदम कोरडा पडला. पाणी मागावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर आवाज नाही. छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, आणि ती पिशवीवरच बसली. लाडू फुटल्याचं तिला कळलं. ते एवढं स्पष्ट कळलं.

सोमेश्वरनं संघपालला फोन केला. “मावशी बसमधून उतरल्या अन् घाबऱ्या झाल्या, जल्दी ये,” एवढंच सांगितलं. फ्लेक्सचं काही बोलला नाही. आपण फाडकन बोललो, याची त्याला लाज वाटत होती.

जालन्याच्या एका दवाखान्यात तिला नेलं. छातीचा ईसीजी काढला, रक्त काढलं. दोन्हींत हार्ट अ‍ॅटॅकच दिसत होता. ताबडतोब मनगटातून नळी घालून तपासणी केली. आणि तिथं डॉक्टर बुचकळ्यात पडले. डॉक्टरांचं नाव राजानंद, वय पस्तिशीचं, बोलणं शांत. त्यांनी संघपालला बाहेर येऊन सांगितलं, “रक्तवाहिन्या एकदम साफ आहेत. कुठंच अडथळा नाही.”

“मंग काही झालंच न्हाई का?” संघपालनं विचारलं.

“झालंय. हृदयाचा खालचा भाग फुगलाय. तो दाबलाच जात नाही. वरचा मात्र जोरात दाबतोय. अ‍ॅटॅक नाही, पण दुखणं खरं आहे.”

हे ऐकून तो आणखीच घाबरला. त्याचं तरी काय चुकलं? नळी चोंदली असती तर समजलं असतं. नळी साफ, आणि आई मशीनला लावलेली.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर राजानंद सकाळ-संध्याकाळ येऊन बसायला लागले. त्यांना कारण पाहिजे होतं. असं दुखणं पुष्कळदा मोठा धक्का बसल्यावर येतं, तिच्या वयाच्या बायकांना जास्त. कुणाकुणाला कारण सापडतही नाही. पण सापडलं तर बरं, कारण ते आत राहिलं तर माणूस नीट सावरत नाही, आणि हे दुखणं कधी कधी परतूनही येतं. म्हणून ते विचारायचे.

“आजी, त्या दिवशी काही ताण होता का?”

“तान न्हाई, सायेब.”

“बिलकुल नाही?”

“बिलकुल न्हाई. जालन्यालाच भरपूर पिऊन निघाल्ते.”

शेवटचं वाक्य ती पुटपुटल्यासारखं बोलायची, आणि डॉक्टरांना वाटायचं, औषधांच्या गुंगीत काहीतरी बोलतेय म्हातारी. ते कागदावर लिहायचे, ताण नाही. मग दुसरा प्रश्न, “घरात कोणी वारलं का इतक्यात?”

“न्हाई. घरात समदी चांगली हायेत. नात झाली मला.”

हे खरंच होतं. घरातलं कोणी गेलं नव्हतं. चांगुणाबाई खोटं बोलत नव्हती, पण खरंही सांगत नव्हती, आणि का सांगत नव्हती ते तिचं तिला पक्कं माहीत होतं. गावात माणूस हाय खाऊन जातं, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. पोरामागं आई हाय खाते. नवऱ्यामागं बायको हाय खाते. पण मालकिणीमागं मजूर बाईनं हाय खाल्ली, असं कुठं ऐकलंय? लोक हसतील. नवरा गेला तेव्हा आठव्या दिवशी कामावर होतीस, आणि आता पाटलाच्या बायकोसाठी छाती धरून बसलीस व्हय?

पण ते तर वरवरचं. त्याच्या खाली दुसरं होतं, आणि ते तिला जिभेवर आणवत नव्हतं. ती हसली होती. उषीच्या मयताच्या फ्लेक्सपुढं उभी राहून, पाच माणसांत, खदाखदा हसली होती. आणि त्याच्याआधी तिला म्हणाली होती, मरत न्हाईस.

एकदा ती डोळे मिटून पडली असताना संध्या फोनवर कुणाला तरी सांगत होती, “आत्याला उषाबाईचं कळू देऊ नका कुणी. मालूम न्हाई त्यांना अजून. आत्ता सहन व्हायचं न्हाई.” चांगुणाबाईनं डोळे उघडलेच नाहीत. सून तिच्यापासून लपवत होती आणि ती सुनेपासून. दोघी मिळून एकच गोष्ट लपवत होत्या. ती मनातल्या मनात दिवस मोजायची. आज दहावा झाला असेल. आता तेरव्याला भट बोलावतील, जेवणावळ होईल. आपण तिथं असतो तरी भांडी घासायलाच असतो, पण असतो तरी.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली आणि पडदा तिच्याकडं वळवून दाखवला. “हे बघा आजी. वर मान निरुंद, खाली पोट गोल. जपानमध्ये समुद्रातले आठ पायांचे प्राणी धरायला असंच मडकं असतं. त्याचंच नाव या आजाराला दिलंय.”

चांगुणाबाईनं निरखून पाहिलं. “घागर हाय की ही.”

“हां, घागरच. कालच्यापेक्षा आज थोडी बरी आहे. पण मला एक सांगा, त्या दिवशी नक्की काही ताण...”

“तान न्हाई म्हनलं ना सायेब. तुमी रोज तेच इचारून राह्यले. अन् ही नर्सबाई मला पानी पाजून पाजून...”

संध्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं एकदम तोंडावर पदर धरला. “सर,” ती म्हणाली, “आमच्याकडं तान म्हंजी तहान. त्यांना वाटून राह्यलं तुम्ही पाण्याचं विचारता.”

चार दिवसांचे कागद डॉक्टर राजानंदांच्या हातात होते. सगळ्यांवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ताण नाही. मग ते स्टूल ओढून खाली बसले. “माझंच चुकलं आजी. मी पुस्तकातलं विचारत बसलो. साधं विचारतो. त्या दिवशी काळजाला काही लागलं का?”

चांगुणाबाई पडद्यावरच्या घागरीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “लागल्ती.”

“काय?”

“तान. त्या दिशी लागल्ती सायेब. फाट्यावर. लई लागल्ती, पन पानी मागाया आवाज फुटंना.”

आणि मग तिनं सांगितलं. मोतीबिंदूपासून सांगितलं. लाडू सांगितले, खांद्यावरचा हात सांगितला. हसल्याचं सांगताना ती थांबली, पुन्हा मागं गेली, पुन्हा तिथंच आली, आणि शेवटी एका दमात म्हणाली, “मी हसले हो सायेब. ती मेल्ती अन् मी तिला पाहून हसले.” संध्या रडायला लागली. “मला वाटलं तुम्हाला मालूमच न्हाई आत्या,” एवढंच ती म्हणत राहिली. चांगुणाबाईच्या डोळ्यांत मात्र थेंब नव्हता. ती नुसती सुकलेली दिसत होती.

डॉक्टरांनी तिला समजावलं. मोठा धक्का बसला की अंगातलाच एक रस एकदम रक्तात सुटतो, त्यानं काळीज सुन्न होतं, आपण म्हणतो ना हाय खाल्ली, ते खोटं नाही. काही आठवड्यांत बहुतेकांचं भरून येतं, तुमचंही येईल. मग त्यांना वाटलं, खरं आहे ते सगळंच सांगावं. “आणि आजी, नुसत्या दुःखानंच होतं असंही नाही. एखाद्याला एकदम मोठा आनंद झाला, तरी होतं कधी कधी.”

त्यावर तिनं मान वळवली. “मंग मला कशानं झालं? हसल्यानं, का कळल्यानं?”

डॉक्टर खूप शिकलेले होते. त्यांनी पुष्कळ विचार केला. “ते मला सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “ते कुणालाच सांगता येणार नाही.”

मग ते पेन काढून कागद भरायला लागले. “तुमच्या कोण लागायच्या त्या?”

“मालकीन,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “न्हाई. तसं न्हाई. समोरच्या सरीतली होती माझ्या.”

हे कसं लिहायचं, ते डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी लिहिलं, जवळच्या व्यक्तीचं निधन. जाताना जयभीम म्हणाले, आणि दारातून परत येऊन म्हणाले, “रडू येत असेल तर अडवू नका आजी.” पण रडू कुठं येत होतं?

सुट्टी मिळाली तेव्हा तेरवाही होऊन गेला होता. संघपालनं ओळखीच्याची गाडी आणली होती. फाट्यावर चांगुणाबाईनं थांबायला लावलं. वर सांगाड्यावर आता दुसराच कुणीतरी फेटा बांधून हसत होता. सोमेश्वर टपरीतून बाहेर आला. तिनंच विचारलं, “उषाबाईचा कुठं गेला रे?”

“कल्याणनं नेला मावशी. कडब्यावर टाकाया.”

ती घरी गेली नाही. संध्या नको नको म्हणत असताना तिनं गाडी रामरावांच्या मळ्याकडं घ्यायला लावली, आणि बांधावरच उतरून, तुम्ही इथंच थांबा म्हणून, एकटी आत गेली. शेडनेटच्या पलीकडं कडब्याची गंजी होती आणि तिच्यावर तो फ्लेक्स, पांढरी बाजू वर, चित्राची खाली, चारी टोकांना दगड ठेवलेले. पाऊस येईल म्हणून. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, सगळ्यांच्याच फ्लेक्सचं पुढं असंच होतं. तिनं एक दगड बाजूला केला आणि कोपरा वर उचलला. तिथं झेंडू होता. आणखी उचलला, तेव्हा खांदा आला. आणि खांद्यावरचा हात.

“मावशी, दवाखान्यातून कधी आल्या?” मागून कल्याण आला. त्याचं मुंडण केलेलं डोकं आता जरा खरखरीत झालं होतं. पोरगा गुणाचा होता. लहानपणी याच शेतात ती त्याला कडेवर घेऊन फिरली होती. “पाहिजे का फ्लेक्स? घेऊन जा. घरावर टाकाया चांगला हाय.”

तिनं मान हलवली. “ह्यो हात कुनाचा रे?”

कल्याणनं वाकून पाहिलं. “कोण जाणे. आईचा तेवढा एकच हसरा फोटो होता. फ्लेक्सवाल्याला म्हनलं होतं हात काढून टाक, त्याला काही बराबर जमलं न्हाई.”

चांगुणाबाईनं आपला उजवा हात फ्लेक्सवर, त्या हाताशेजारी ठेवला.

कल्याणनं एकदा या करंगळीकडं पाहिलं, एकदा त्या करंगळीकडं. “मंग तर तुम्हाला सगळ्यांत आधी कळवाया पाहिजे होतं,” तो म्हणाला.

तिनं फ्लेक्सचा कोपरा नीट खाली घातला आणि दगड जागेवर ठेवला. तिचा घसा पुन्हा कोरडा पडला होता, पण या वेळी आवाज फुटला.

“तान लागलीय रे बाबा. जरा पानी आन.”

कल्याण घराकडं पळत गेला. घर लांब होतं. तो तांब्या घेऊन परत येईस्तोवर तिला रडायला सवड मिळाली.